स्क्रीनवर झकास, कागदावर भकास!

गेल्या वर्षीचा अंक ज्यांच्या ट्रंकेत असेल त्यांनी मेसच्या मामांवरचा लेख उघडून बघा. पीएलमध्ये रात्री अकराला आलेल्या पोरालाही ज्यांनी कधी उपाशी झोपू दिलं नाही, त्या मामांच्या निवृत्तीनिमित्त आम्ही तो लिहिला होता. छापून आला तेव्हा त्यांच्या नावातला रफार तुटलेला, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली आणि फोटो असा की डोळे कुठले नि मिशी कुठली ते कळू नये! मामांनी अंक बराच वेळ पाहिला, "छान झालंय रे" म्हणाले आणि पिशवीत ठेवला. त्या "छान"ने आमच्या माना खाली गेल्या.

तावातावाने प्रेसमध्ये गेलो. तिथल्या काकांनी शांतपणे आमचीच फाईल उघडून दाखवली. "पोरांनो, फाईल नुसती दिसून चालत नाही, ती छापून यावी लागते." त्या दिवशी जे शिकलो ते इथे मांडतोय. मासिक, फेस्टचं पोस्टर, ब्रोशर, काहीही छापायचं असलं तरी उपयोगी पडेल.

रंगांची भानगड

स्क्रीन प्रकाश फेकते, कागद प्रकाश परत पाठवतो. सगळा घोळ इथून सुरू होतो. स्क्रीनवर लाल, हिरवा, निळा (आरजीबी) हे प्रकाश मिळून पांढरा होतो. छपाईत सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक (सीएमवायके) या शाया पडतात आणि प्रत्येक शाई पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशातला काही भाग गिळते. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत निळा किंवा पोपटी या चार शायांत मिळतच नाही. निळ्यात सायन आणि मॅजेन्टा दोन्ही १०० टक्के ठेवलं तर हाती जांभळा येतो. मॅजेन्टा निदान तीसेक टक्के कमी ठेवा, म्हणजे निळा निळाच राहील. आणि डिझाईन पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये करा, म्हणजे शेवटी धक्का बसणार नाही.

काळ्या मजकुराचं तर वेगळंच. आरजीबीतला काळा आपोआप बदलू दिला की तो चारही शायांचा काळा होतो. म्हणजे तेच अक्षर चार प्लेट्सवरून चार वेळा छापायचं. एखादी प्लेट केसभर सरकली की अक्षराला रंगीत सावली येते. मराठीत तर अनुस्वार आणि रफार एवढेसे, ते पहिले बळी! म्हणून मजकूर फक्त ब्लॅक १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. तसंच गडद रंगीत पट्टीवर बारीक पांढरी अक्षरं टाकू नका, शाई पसरून ती बुजतात.

फोटो ताणून मोठा होत नाही

नेहमीच्या ऑफसेट छपाईत फोटो ठिपक्यांत फोडला जातो. इंचाला १५० ओळींची स्क्रीन असेल तर फोटोत इंचाला साधारण दुप्पट, म्हणजे ३०० पिक्सेल हवेत. गणित पाचवीचं आहे. १२०० बाय ९०० पिक्सेलचा फोटो ४ बाय ३ इंचांतच नीट छापेल. पूर्ण ए४ पानाला २४८० बाय ३५०८ लागतात. मामांचा चेहरा आम्ही ग्रुप फोटोतून कापला होता, रुंदी जेमतेम ४०० पिक्सेल. तो ५ इंचांत ताणला, म्हणजे इंचाला फक्त ८०! सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलून ३०० करता येतो, पण ते मार्कशीटवर पेनने मार्क वाढवण्यासारखं आहे, अभ्यास काही वाढत नाही. मेसेजवरून आलेला फोटो बहुधा दाबून लहान झालेला असतो, तेव्हा मूळ फाईलच मागा.

कटिंगला जागा सोडा

छापलेले कागद गठ्ठ्याने कापले जातात, त्यात थोडं इकडेतिकडे होतंच. रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत असेल तर तो चारही बाजूंना ३ मिमी बाहेर न्या. याला ब्लीड म्हणतात. ए४ पान २१० बाय २९७ मिमी, ब्लीडसकट २१६ बाय ३०३. उलट, मजकूर कडेपासून निदान ५ मिमी आत ठेवा, नाहीतर कविता कवीच्या नावाशिवाय छापून येते! मध्ये पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. ६२ पानांचा अंक ६४ चाच होणार, त्या दोन पानांचं काय करायचं ते आधीच ठरवा.

मराठीचा खरा घात

आता मामांच्या नावाकडे. जुन्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की पानभर अगम्य चिन्हं. युनिकोडमध्ये तसं होत नाही, पण तिथे जोडाक्षर जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरचं असतं. ते त्याला येत नसेल तर ‘धर्म’ चा ‘धर्‌म’ होतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. आम्ही उघडी फाईल दिली, प्रेसमधल्या जुन्या व्हर्जनने ती आपल्या मगदुराप्रमाणे उघडली. इंग्रजी विभाग शाबूत, मराठीचा चुराडा!

उपाय सोपा आहे. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या. पीडीएफ/एक्स-१ए हा प्रकार निवडला तर फॉन्ट आत असणं सक्तीचं असतं आणि आरजीबी चालत नाही. कोरलड्रॉची फाईलच हवी असेल तर मजकूर ‘कर्व्ह्ज’ करा, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. मात्र नंतर एक काना सुद्धा दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा.

प्रूफ सोडू नका

हे सगळं करूनही प्लेट निघण्याआधी कागदावरचं प्रूफ मागाच. आम्ही "उद्या गॅदरिंग आहे" म्हणून ते सोडलं, आणि ५०० प्रतींत तीच चूक ५०० वेळा छापली. प्रूफ बघताना दोघांनी बसावं, एकाने मोठ्याने वाचावं. माणसांची नावं आणि मथळे सगळ्यात आधी, कारण आपली नजर तिथूनच सर्रकन पुढे जाते. रंग मात्र साध्या प्रिंटरच्या प्रूफवर जोखू नका.

मामांचा लेख या अंकात पुन्हा घेतलाय. फोटो नवीन, त्यांच्या घरी जाऊन काढलेला. नाव चौघांनी चार वेळा वाचलंय. पहिली प्रत घेऊन आम्ही पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहोत, या वेळी मान वर करून!