आठही दिवे लागले होते

व्हाइट ऑरेंज, ऑरेंज, व्हाइट ग्रीन, ब्लू, व्हाइट ब्लू, ग्रीन, व्हाइट ब्राउन, ब्राउन. नेटवर्किंगच्या नव्या बॅचकडून पहिल्या रविवारी मी केबलमधल्या वायरींच्या रंगांचा हा पाढा घोकून घेतो आणि मगच क्रिम्पिंग टूल हातात देतो.

यंदा बार्शीकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बी.एस्सी. झालेली, एमएस-सीआयटी केलेली. २००१ पासून महाराष्ट्रात घरोघरी पोचलेल्या या कोर्सने संगणकाची भीती मोडली, हे मोठंच काम. पण ती साक्षरता झाली, त्यावर पोट भरत नाही. वडिलांनी विचारलं, "सर, टेस्टिंग, डेटा अ‍ॅनालिटिक्स, क्लाउड का हे नेटवर्किंग? नोकरी कशात लवकर लागते तेवढं सांगा."

"काका, आजचा दिवस तिला बसू द्या. फीचं संध्याकाळी बोलू."

खालच्या मजल्यावरच्या स्विचपर्यंत गेलेली चाळीसेक मीटरची केबल तिच्या वाट्याला आली. वरचं आवरण इंचभर सोलायचं, चार जोड्या वेगळ्या करायच्या, पीळ गरजेपुरताच, फार तर अर्धा इंच सोडवायचा. आठ वायरी सरळ करून एका रेषेत कापायच्या, कनेक्टरच्या टोकाशी तांबं दिसेपर्यंत आत सारायच्या आणि दाबायचं. तिचा पहिला कनेक्टर वाया गेला. नंतर दोन्ही टोकं झाली, टेस्टरवर एक ते आठ दिवे क्रमाने लागले. लॅपटॉप जोडला. पिंगला उत्तरं यायला लागली, पण मधूनच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'.

कुणी म्हणालं लॅपटॉप खराब, कुणी म्हणालं स्विच. मी गप्प राहिलो. शिकवणाऱ्याला हेच सगळ्यात जड जातं.

तिने आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्याच पत्त्याला पिंग केलं, ते नीट चाललं. स्विचचं पोर्ट बदललं, फरक नाही. मग लॅपटॉप खाली नेऊन तयार पॅच कॉर्डने जोडला, तर एकही पिंग चुकेना. म्हणजे दोष केबलचाच. पण टेस्टर तर ठीक म्हणतोय! वर येऊन तिने तो पारदर्शक कनेक्टर ट्यूबलाइटसमोर धरला आणि एकेक रंग बघत राहिली. वीस मिनिटं गेली असतील.

"सर, तीन आणि सहा नंबरच्या वायरी एका जोडीतल्या नाहीत."

तिने व्हाइट ग्रीनशेजारी ग्रीन लावली होती, पुढे निळी जोडी. पाठ असलेला क्रम हाताने सरळ करून टाकला होता. चूक दोन्ही टोकांना सारखीच, म्हणून टेस्टर फसला. या पिनेतून त्या पिनेत वीज पोचते का, एवढंच तो बघतो. पण तीन आणि सहावर जाणारा सिग्नल एकाच पिळातून जावा लागतो. पिळामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडतो आणि पलीकडे वजा होतो. जोडी फुटली की तो आधार जातो. दोन-तीन मीटरच्या केबलवर ही चूक कदाचित कळलीही नसती.

करिअर निवडताना मुलं कोर्सचं नाव आणि पॅकेज बघतात. मी मात्र काम अडल्यावर माणूस काय करतो ते बघतो. सगळे वाद घालत असताना एक मुलगा कितव्या पिंगला उत्तर चुकलं ते वहीत टिपत होता. त्याला मी टेस्टिंगकडे वळायला सांगणार आहे. डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न पाठ करून नेटवर्किंगची सीसीएनए परीक्षा पास झालेले मी मुलाखतीत बघितलेत. /२६ च्या सबनेटमध्ये ६४ पत्ते असतात हे ते धडाधड सांगतात, पण वापरायला ६२ च का, असं विचारलं की थांबतात. त्या मुलांचा मला राग येत नाही. ज्यांनी फी घेऊन त्यांना नुसतं पाठांतर दिलं, त्यांचा येतो.

तिने दोन्ही टोकं कापली, नवे कनेक्टर घेतले. यावेळी पाढा म्हटला नाही. व्हाइट ग्रीन तिसरी ठेवली आणि तिची सोबतीण निळ्या जोडीच्या पलीकडे नेली.

वडील दारातून म्हणाले, "चालू झालं का गं?"

"थांबा आप्पा, खालचं टोक बाकी आहे," म्हणत ती टूल घेऊन जिना उतरली.