उमेळे व वसई परिसरातील विद्युत वाहन चार्जिंग सुविधा

उमेळे हे पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील गाव पश्चिम रेल्वेच्या नायगाव व वसई रोड या स्थानकांच्या पश्चिमेस वसले आहे. या परिसरात विजेचे वितरण महावितरण कंपनी करते. विद्युत वाहनांच्या सार्वजनिक चार्जिंग सुविधांसाठी राज्यातील समन्वय संस्थाही महावितरणच आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ लोहमार्गाच्या पूर्वेस असल्याने, महामार्गालगतच्या चार्जिंग केंद्रांचा उपयोग करण्यासाठी पश्चिमेकडील गावांतील वाहनधारकांना लोहमार्ग ओलांडून जावे लागते.

नियम व धोरणे

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की, वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे. त्यामुळे तीसाठी विद्युत अधिनियम, २००३ खालील परवाना लागत नाही. परिणामी दुकानदार, पेट्रोल पंपचालक किंवा गृहनिर्माण संस्था यांनाही तांत्रिक व सुरक्षाविषयक निकष पाळून असे केंद्र उघडता येते. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शहरांत ३ कि.मी. × ३ कि.मी. च्या प्रत्येक चौकटीत किमान एक, तर महामार्गांवर दर २५ कि.मी.ला दोन्ही बाजूंस एक केंद्र अपेक्षित होते. जानेवारी २०२२ च्या सुधारित तत्त्वांनी घरच्या वा कार्यालयाच्या विद्यमान वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्याची मुभा स्पष्ट केली.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात २०२५ पर्यंत सात शहरी समूहांत २,३७५ चार्जिंग केंद्रांचे उद्दिष्ट होते. त्यांपैकी १,५०० केंद्रे मुंबई महानगर समूहासाठी होती.

चार्जिंगचे प्रकार

चार्जिंग मंद (एसी) व जलद (डीसी) असे दोन प्रकारचे असते. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटमधून सुमारे ३.३ किलोवॉट शक्ती मिळते. ३० किलोवॉट-तास क्षमतेची मोटारीची बॅटरी त्यावर पूर्ण भरण्यास नऊ तासांहून अधिक वेळ लागतो. ३० किलोवॉटच्या जलद चार्जरवर हेच काम साधारण तासाभरात होते. स्कूटरची बॅटरी लहान, बहुधा २ ते ४ किलोवॉट-तासांची असल्याने तिला साधे सॉकेट पुरते. म्हणून लहान गावात एका महागड्या जलद चार्जरपेक्षा वाहनतळावरील अनेक साधे सॉकेट अधिक उपयोगी ठरू शकतात.

सुरक्षितता

स्वतःचा वाहनतळ नसलेले चाळींतील व जुन्या इमारतींतील रहिवासी स्कूटरची बॅटरी काढून घरात चार्ज करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई पूर्वेत अशा रीतीने घरात चार्ज होत असलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्या वर्षी देशात अन्यत्रही विद्युत दुचाकींना आगी लागल्या होत्या. केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरीविषयक मानक अधिक कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. बॅटरी उघड्या, हवेशीर जागी, उत्पादकाच्याच चार्जरने चार्ज करावी आणि माणसे झोपलेल्या खोलीत ती रात्रभर चार्जिंगला ठेवू नये, अशी काळजी घेणे आवश्यक असते. घराबाहेर, भूसंपर्कन (अर्थिंग) केलेले सामायिक सॉकेट उपलब्ध असल्यास हा धोका घराबाहेर राहतो.

वसईचा किनारी भाग सखल असून तेथे मिठागरे व खाड्या आहेत. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत या परिसरात पाणी साचून वीजपुरवठा खंडित झाला होता. त्यामुळे येथील चार्जर पुराच्या पातळीहून उंच चौथऱ्यावर बसवणे, त्यांवर छप्पर असणे आणि गळती होताच वीज तोडणारे उपकरण जोडणे महत्त्वाचे ठरते.