पोत्याची खुर्ची

बीन बॅगचा जन्म १९६८ सालचा, इटलीतला. गात्ती, पाओलिनी आणि तेओदोरो या तिघांनी झानोत्ता कंपनीसाठी ‘साक्को’ घडवली. नावाचा अर्थ सरळ ‘पोतं’. ना पाय, ना पाठ! आत थर्मोकोलचे बारीक दाणे. बसणाऱ्याच्या अंगाप्रमाणे ते सरकतात, वजन पसरतं आणि म्हणून आराम वाटतो. उठताना मात्र कसरत. इटालियन सिनेमातल्या फान्तोत्सी या कारकुनाची याच खुर्चीत फजिती होते.

दाणे कालांतराने चेपतात, पोतं बसकं होतं.

फोमचे तुकडे भरलेली बॅग जड खरी, पण झटकली की पुन्हा फुगते. दाण्यांचीच घ्यायची, तर चेन लहान मुलांना उघडता येणार नाही ना, हे आधी पाहा. दाणे श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेततं.