भट्टीची उधारी

पावसाळा तोंडावर आला की पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्र्याच्या बगीच्यांत झाडांचे बुंधे निळसर दिसू लागतात. ते बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या रोगाला अटकाव म्हणून जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत ब्रशने फासायचं. मोरचूद एका बादलीत विरघळतो, चुना दुसऱ्या बादलीत विझतो, आणि ही दुसरी बादली थोड्याच वेळात वाफ टाकत खदखदायला लागते. "दूर राय रे पोट्ट्या, चुना उकळून राह्यला!" ही ओरड इथल्या बऱ्याच मुलांनी रसायनशास्त्राच्या आधी ऐकलेली असते.

पुढे दहावीत हीच बादली पुस्तकात भेटते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी राज्य मध्य प्रदेशच. त्यामुळे घरी मराठी बोलणारी पोरं वर्गात बहुधा हिंदीतून 'ऊष्माक्षेपी' आणि 'ऊष्माशोषी' पाठ करतात. पलीकडे नागपूरच्या शाळेत त्यांचीच मावसभावंडं 'उष्मादायी' आणि 'उष्माग्राही' म्हणतात. एका भाषेत उष्णता फेकली जाते, दुसरीत दिली जाते. पण ती आली कुठून, हे दोन्ही शब्द सांगत नाहीत, आणि गैरसमज नेमका तिथेच घर करतो.

पहिला म्हणजे, चुना मुळात गरम; त्याच्यात उष्णता भरलेली असते. कोरडी कळी हातात धरून पाहा (हात मात्र सुका हवा), दगडाइतकीच थंड लागते. खरी गोष्ट भट्टीत घडलेली असते. चुनखडीचा दगड ९०० अंशांच्या आसपास तापवला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी फोडायला सुमारे १७८ किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते आणि हाती ५६ ग्रॅम चुना येतो. तेवढ्या चुन्यात पाणी घातलं की सुमारे ६५ किलोज्यूल परत मिळतात. म्हणजे बादलीतली वाफ ही भट्टीच्या उधारीची पहिली परतफेड. राहिलेल्या ११३ किलोज्यूलकडे शेवटी येऊ.

किलोचा हिशेब केला तर आकडा साडेअकराशे किलोज्यूलच्या पुढे जातो. पाच लिटर पाण्याचं तापमान पन्नासेक अंशांनी चढवायला एवढी उष्णता पुरते. उन्हाळ्यातलं तीस अंशांचं पाणी ऐंशीवर गेलं तर नवल नाही. पाणी कमी पडलं तर तेवढ्याच उष्णतेला पाणी थोडं मिळतं, ते जागीच उकळतं आणि चुना उडतो. डोळ्यात गेला तर इजा दुहेरी, भाजण्याची आणि अल्काची. म्हणून पाणी भरपूर घ्यावं आणि चुना थोडा थोडा सोडावा. उलट, पोतं वर्षभर उघडं राहिलं असेल तर चुना खदखदतच नाही. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पोत्यातच विझलेला असतो. असा चुना शेतकरी परत करतो. कारण सांगत नाही, पण त्याची परीक्षा बरोबर असते.

दुसरा गैरसमज सर्वांत चिवट, आणि बारावीपर्यंत जातो: बंध तुटले की ऊर्जा सुटते. फटाका फुटताना पाहून असं वाटणं साहजिक आहे, पण ते उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ती मिळते नवा बंध जुळताना. जुन्या स्पीकरमधली दोन लोहचुंबकं आठवा. ओढून वेगळी करताना हात दुखतात, आणि 'टक्' आवाज येतो तो चिकटताना. हायड्रोजन जळतो तेव्हा त्याच्या दोन रेणूंचे आणि ऑक्सिजनच्या एका रेणूचे बंध तोडायला, मोलच्या मापात, साधारण १,३७० किलोज्यूल लागतात. पाण्याचे चार बंध जुळताना सुमारे १,८५० मिळतात. जमेतून खर्च वजा केला की जी शिल्लक उरते तीच आपल्याला आच म्हणून जाणवते. शिल्लक उणे निघाली तर क्रिया उष्णता शोषून घेते.

मग उष्णता देणाऱ्या क्रिया आपसूक सुरू होतात आणि शोषणाऱ्या होत नाहीत, असंही धरून चालतात. जिनिंगमध्ये कापसाचे ढीग महिनोन्‌महिने ऑक्सिजनच्या सान्निध्यात पडून असतात. जळाले तर ढीगभर उष्णता देतील, तरी ठिणगी पडेपर्यंत काही होत नाही. तो पहिला खर्च कुणीतरी केल्याशिवाय व्यवहार सुरूच होत नाही. याउलट फवारणीसाठी दहा लिटर पाण्यात किलोभर युरिया टाका. कुणी काही न करता तो विरघळतो आणि पाणी पाच-सहा अंशांनी थंड पडतं; हात घातला की कळतं. उष्णतेच्या हिशेबात इथे तोटाच आहे. पण कण पाण्यात विखुरण्याची ओढ त्या तोट्याहून भारी ठरते. निसर्ग फक्त उष्णतेचं खातं बघून निर्णय घेत नाही.

उष्मादायी म्हणजे जाळ, हेही खरं नाही. ओली सरकी ढिगात तापते, थंडीत पहाटे उकिरडा उकरला की वाफ येते, आपला श्वासही याच जातीचा. स्लॅबचं सिमेंट तर वाळतच नाही, पाण्याशी संयोग करून घट्ट होतं आणि उष्णता देतं; त्यावर पाणी मारायचं ते त्या संयोगाला पाणी कमी पडू नये म्हणून. आजीची उष्ण पपई आणि थंड काकडी मात्र या हिशेबात आणू नये. ते खातं वेगळं.

आता पहिली बादली, मोरचुदाची. निळे खडे विरघळताना थोडी उष्णता शोषतात, इतकी थोडी की हाताला जेमतेम जाणवावी. तेच खडे शाळेच्या परीक्षानळीत तापवून पांढरे केले आणि वर पाण्याचे थेंब टाकले, की निळा रंग परततो आणि नळी गरम होते. पदार्थ मोरचूदच. तेव्हा अमुक पदार्थ उष्मादायी असं म्हणण्यात अर्थ नाही, क्रिया तशी असते.

चुन्याची बादली पुरती निवल्यावरच दोन्ही एकत्र करतात. मग घासलेला विळा मलमात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबं अजून मोकळं आहे, चुना आणखी हवा. थर नाही चढला की ब्रश घेऊन बगीच्यात शिरायचं. मोरचुदाच्या वाट्याला चुन्यातला जेमतेम पाव हिस्सा जातो. बाकीचा बुंध्यावर बसून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत पुन्हा चुनखडी होतो, आणि ते उरलेले ११३ किलोज्यूल फेडत राहतो. फेड इतकी सावकाश चालते की बुंध्याला हात लावला तरी तो थंडच लागतो.