खोक्यावरचं १:७२ आठवतं?

दुकानाच्या काचेला नाक लावून मॉडेल विमानांचे खोके पाहिलेत ना? किती हट्ट केला असेल! खोक्यावर १:७२ असं छापलेलं असायचं. म्हणजे खऱ्या विमानाचा बहात्तरावा भाग.

दुकान नसलं तरी हा आकडा आपलाच आहे. सुट्टीत मुलांना बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात न्या. तिथं ‘मरुत’ उभं आहे. कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली याच शहरात घडलेलं हे लढाऊ विमान १९६१मध्ये पहिल्यांदा उडालं. लांबी सुमारे १६ मीटर. मुलांना ७२ने भागायला सांगा: जेमतेम २२ सेंटीमीटर!

घरी पुठ्ठा, कात्री, फेव्हिकॉल काढा. आजोबांनाही बसवा. पंख वाकडा झाला तर झाला. त्यांचाही पहिला तसाच झाला होता का, विचारा.