तुटण्यासाठीच घडविलेली खीळ

पोलादी दोर हाताने ओढणाऱ्या यंत्रांपैकी ‘टिरफोर’ या नावाने परिचित असलेल्या यंत्रात दोर गुंडाळणारा पिंप नसतो; दोर यंत्राच्या पोटातून सरळ आरपार जातो, आणि जबड्यांची एक जोडी त्यास धरून पुढे नेत असता दुसरी मोकळी होऊन मागे येते. ओझे वाढेल तसतशी जबड्यांची पकड आवळत जाते, आणि दांड्याच्या तरफेमुळे १६०० किलो क्षमतेचे यंत्रही एकटा मनुष्य चालवू शकतो.

या साऱ्या बळकट रचनेत एकच भाग मुद्दाम दुर्बळ ठेवलेला असतो, तो म्हणजे चालक दांड्याच्या मुळाशी बसविलेली लहानशी कर्तन-खीळ. ओझे अडकले, किंवा दांड्यावर लांब नळी चढवून कोणी जबरदस्ती केली, म्हणजे खिळीच्या छेदातील धातूचे थर परस्परांवरून घसरतात आणि ती कापली जाते. अशा वेळी ओझे निसटत नाही. जबडे ते धरून राहतात, आणि उलट चालविण्याच्या दांड्याने ते सावकाश सैल करता येते.

दुरुस्तीची तजवीज येथून सुरू व्हावी: आधी दोरावरील ताण पूर्ण उतरवावा, खीळ कोणत्या कारणाने तुटली याचा तपास करावा, मग सुंब्याने तुकडे ठोकून काढून, भोके एका रेषेत आणून नवी खीळ बसवावी. अनेक नमुन्यांत राखीव खिळी यंत्राबरोबरच ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की हाताशी असलेला बोल्ट ठोकून देण्याचा दस्तूर मात्र अत्यंत घातक आहे. खिळीचे बळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटरची खीळ घातली की मर्यादा ४४ टक्क्यांनी वर सरकते. त्यात ‘८·८’ हे अंक कोरलेला बोल्ट साध्या मृदू पोलादाच्या सुमारे दुप्पट ताण सोसतो, म्हणजे दोन्ही दोष एकत्र आले तर मर्यादा जवळजवळ तिप्पट होते. मग तुटण्याची पाळी दोरावर, आकड्यावर किंवा ज्या खुंटास यंत्र बांधले त्यावर येते, आणि ताणलेल्या दोरात साठलेली ऊर्जा क्षणार्धात मोकळी होऊन समोरच्या मनुष्यावर झेपावते. यास्तव निर्मात्याने नेमून दिलेलीच खीळ घालावी, आणि ती मिळेपर्यंत यंत्र बेलाशक बंद ठेवावे.