विजेचा हिशेब

वीज गेली म्हणजे तिची आठवण होते. एरवी ती घरात आहे हेही आपल्या ध्यानात राहत नाही. बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, यंत्रमागाचा धोटा धावू लागतो. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात ऊर्जा, शक्ती, विद्युतदाब, प्रवाह हे शब्द येतात आणि मुले ते पाठही करतात. परंतु या शब्दांचा आपल्या घरच्या बिलाशी आणि सोलापूर जिल्ह्याच्या पाण्याशी काय संबंध, असे एखाद्या मुलाने विचारले तर पुष्कळदा वडीलमंडळीच निरुत्तर होतात. तो संबंध साध्या शब्दांत सांगावा, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

ऊर्जा म्हणजे काम करण्याची क्षमता, ही व्याख्या सर्वांना ठाऊक असते. पण तिचे माप कळल्याशिवाय व्याख्येचा उपयोग नाही. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटर पाण्याची एक बादली वर ओढली, तर सुमारे ९८० जूल इतके काम होते. आता बिलातले एक युनिट घेऊ. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले, किंवा शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला, म्हणजे एक युनिट झाले. त्यात ३६ लाख जूल असतात. याचा अर्थ असा की, एका युनिटाइतके काम करायचे तर त्या विहिरीतून साडेतीन हजारांहून अधिक बादल्या ओढाव्या लागतील! धट्ट्याकट्ट्या गड्याचे ते तीन-चार दिवसांचे काम झाले. काही रुपयांत मिळणारी ही वस्तू किती मोलाची आहे, हे यावरून दिसेल.

वॅट आणि युनिट यांत मात्र गल्लत करू नये. वॅट ही जणू नळाची धार आणि युनिट म्हणजे त्या धारेने हौदात साठलेले पाणी. धार मोठी असली तरी नळ क्षणभरच सोडला, तर हौद भरत नाही. आणि बारीक धार रात्रभर वाहत राहिली तर भरलेला हौदही ओसंडून जातो.

आता ही ऊर्जा येते कोठून? ऊर्जा उत्पन्न करता येत नाही आणि नाहीशीही करता येत नाही. तिचे केवळ रूप पालटते. आपल्या शहरातील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. त्या काळच्या गिरण्यांत बॉयलरखाली कोळसा जळे, वाफेवर इंजिन चाले आणि लांबच लांब दांड्यांवरून व पट्ट्यांवरून ती गती मागापर्यंत पोचे. आज यंत्रमागाला स्वतःची मोटर असते, धूर दिसत नाही. म्हणून वीज हेच ऊर्जेचे मूळ आहे असा भास होतो. वस्तुतः बॉयलर गेला नाही, तो केवळ दूर गेला. वीज ही ऊर्जेची खाण नव्हे. ती हमाल आहे. एका ठिकाणची ऊर्जा ती दुसऱ्या ठिकाणी वाहून नेते.

दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीजवळ एनटीपीसीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचे ६६० मेगावॅटचे दोन संच २०१७ आणि २०१९ साली कामाला लागले. कोळशाच्या आचेवर पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन जनित्र फिरवते आणि चुंबक व तारा यांच्या त्या फिरण्यातून वीज निघते. एका युनिटाला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा लागतो. त्याच्या उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग वीज न होताच निसटतो. हा काही अभियंत्यांचा हलगर्जीपणा नव्हे. उष्णतेपासून काम घेताना काही उष्णता सोडून द्यावीच लागते, असा निसर्गाचा नियमच आहे. ही सोडलेली उष्णता वाहून नेण्यास पाणी लागते. अशा केंद्रांत एका युनिटामागे तीन लिटरांच्या आसपास पाणी खर्ची पडते, आणि येथे ते येते उजनीतून.

उजनी धरणाच्या पायथ्याशीही एक वीजगृह आहे, १२ मेगावॅटचे. तेथे कोळसा नाही. पण तीस मीटर उंचीवरून पडणाऱ्या पाण्यापासून एक युनिट मिळवायचे, तर बारा हजार लिटरांहून अधिक पाणी खाली यावे लागते. हे पाणी वाया जात नाही, पुढे शेताला मिळते. पण कोळशात किती ऊर्जा दाटून भरलेली असते, हे या तुलनेवरून कळते.

तयार झालेली वीज दूर न्यायची तर तारा तापतात आणि तेथेही गळती होते. ही गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच शक्तीला निम्मा प्रवाह पुरतो आणि गळती चौथाईवर येते. म्हणून घरात २३० व्होल्ट असलेला दाब मोठ्या वाहिन्यांवर ७ लाख ६५ हजार व्होल्टपर्यंत चढवलेला असतो.

अशाच एका वाहिनीने सोलापूरचे नाव देशाच्या विजेच्या इतिहासात गेले आहे. वीज तारेत साठत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. जाळ्यातील सारी जनित्रे एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी एका तालात चालतात. हा ताल म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने. ओझे वाढले की चाल मंदावते, कमी झाले की वाढते. उत्तर, पूर्व, पश्चिम आणि ईशान्य भारताची जाळी २००६ साली एका तालात आली होती. दक्षिणेचे जाळे वेगळे होते. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी वीज एकदिश करून, पुन्हा उलटसुलट करूनच पलीकडे पाठवावी लागे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि साऱ्या देशाचे जाळे एका तालावर आले.

या जोडणीचा लाभ मोठा, पण जबाबदारीही तेवढीच. २०१२ च्या ३० व ३१ जुलैला उत्तरेकडील जाळे कोसळले आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतही त्याबरोबर अंधारात गेला. एकत्र जुंपलेल्यांपैकी एक अडखळला तर दुसऱ्यालाही हिसका बसतो.

सोलापुरात उन्हाची कमतरता नाही. छपरावरच्या सौर पट्ट्यांना कोळसा लागत नाही आणि थंड ठेवण्यास उजनीचे पाणीही लागत नाही. परंतु सायंकाळी दिवे लागण्याच्या वेळी सूर्य मावळलेला असतो. साठवणीची सोय होईपर्यंत रात्रीचा भार पुष्कळसा कोळशावरच राहील.

मुलांना आमचे सांगणे इतकेच आहे. आज घरी गेल्यावर बिल पाहा. जितकी युनिटे असतील त्यांना तीनने गुणा; औष्णिक केंद्रातून ती वीज आली असेल तर इतके लिटर पाणी तुमच्या घरासाठी वाफ होऊन गेले. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, तेथे रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा बंद करणे हा केवळ काटकसरीचा प्रश्न राहत नाही.